तेरा ठिपक्यांचे आप्पा

कायझर्सलाउटर्न,
३ नोव्हेंबर २०१३, लक्ष्मीपूजन

प्रिय आप्पा,

पाया पडते. लांबून पडते, पण खरोखर वाकून. खोलीत तेवढी जागा आहे.

दिवाळी रविवारी आली की इथे दुप्पट शांतता. दुकानं बंद, विद्यापीठाची खानावळ, मेन्सा बंद, बससुद्धा तासाला एक. पणती लावली तर छतावरचं धुराचं यंत्र बोंबलेल आणि इमारतीचा रखवालदार, हाउसमाइस्टर, धावत येईल, म्हणून खिडकी उघडी ठेवून लावली. वाऱ्याने विझली. परत लावली, परत विझली. मग म्हटलं, जाऊ दे, आप्पांना पत्र लिहू. फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही, कानाला मशीन लावा म्हटलं की राग येतो, आणि पद्माकरकाकांच्या फोटो स्टुडिओतून स्काइप केलं की तुम्ही माझा चेहरा बघता आणि मी तुमचं कपाळ. पत्रच बरं.

"तू तिथे नक्की करतेस काय?" असं तुम्ही दर वेळी विचारता. आज नीट सांगते. माणसाच्या अंगावर तेरा ठिकाणी ठिपके लावायचे: डोकं, खांदे, कोपरं, मनगटं, कंबरेच्या दोन बाजू, गुडघे, घोटे. मग अंधारात त्याला चालवायचं, म्हणजे चित्रणात फक्त ठिपके दिसतात. माणूस थांबला की नुसता ठिपक्यांचा सडा, काही कळत नाही. चालायला लागला की एकदम माणूस! हलतंय हे तान्ह्या बाळालाही कळतं हो. पण हलणाऱ्या ठिपक्यांतून माणूस जोडायचा, तो बाई की पुरुष ते ओळखायचं, हे मुलांना वाढत्या वयाबरोबर जमत जातं. ते कितव्या वर्षी किती जमतं, हे मी मोजते. पाच, सात आणि दहा वर्षांची मुलं माझ्यासमोर बसतात, उत्तर देतात, स्टिकर घेऊन घरी जातात.

आमच्याकडे चालणारे सगळे विशीतले विद्यार्थी आहेत. मला म्हातारी चाल हवी आहे. इथेही म्हातारे मिळतील, पण मला तुमची हवी. पद्माकरकाका करून देतील का? काळे कपडे घाला आणि ठिपक्यांना गाड्यांच्या नंबरप्लेटवरचं रेडियम वापरा.

तुमची,
ऊर्मी

*

कराड,
१६ नोव्हेंबर २०१३

चि. ऊर्मी,

पाकिटाच्या वजनात बसतील तेवढे आशीर्वाद.

म्हणजे जर्मन सरकार तुला स्टिपेंडियम देतं ते माणसं चालतात का हे बघायला! मी छत्तीस वर्षं शाळेत चित्रकला शिकवली, मला कुणी विचारलं नाही. विचारलं असतं तर फुकट सांगितलं असतं. पाचवीच्या पोराला "धावणारा माणूस काढ" म्हणा. तो ताठ माणूस काढतो आणि त्याचे केस मागे उडवतो. गुडघा वाकवायचा असतो हे त्याच्या गावीही नसतं. स्वतः दिवसभर धावतं कार्टं! सातवी-आठवीत कुठे गुडघा वाकतो. मी खडू घेऊन बाकांमधून फिरायचो आणि एकेकाला सांगायचो, बाबा, आधी स्वतः धावून ये, मग काढ.

पद्माकर एका पायावर तयार आहे. लग्नांचं शूटिंग करून कंटाळलाय. एक डिसेंबरला, रविवारी, स्टुडिओत बोलावलंय. काळे कपडे माझ्याकडे नाहीत, त्याच्या मुलाचे घालीन. पोळ्या करायला येतात त्या यमुनाबाईंना हे सांगितलं तर पोळी तव्यावर करपेपर्यंत हसल्या.

"तुमची हवी" लिहिलंस, ते दोनदा वाचलं. म्हातारी चाल म्हणालीस त्याबद्दल कान धरायला हवा होता, तो भेटीत धरीन.

पणती खिडकीत कशाला ठेवलीस? न्हाणीघरात ठेवायची.

आप्पा

*

कराड,
१२ जानेवारी २०१४

चि. ऊर्मी,

आशीर्वाद, थोडे उशिरा.

तुझी दोन्ही पत्रं पोचली. रागावू नकोस. पद्माकरकडे लग्नसराई होती, शिवाय त्याच्या दुकानातलं नेट बंद आहे, म्हणून स्काइप नाही. सोबत सीडी पाठवतोय. एकदाचं चालून झालं. जातानाची चाल, येतानाची चाल, तू सांगितलंस तसं.

पत्र पेन्सिलीने लिहिलंय, त्यावर विचारपूस नको. चित्रकलेच्या मास्तरने पेन्सिल धरली तर कुणाच्या पोटात दुखायचं कारण नाही. अक्षर वाकडं आलंय ते थंडीमुळे.

इथे सगळं व्यवस्थित. सकाळी कृष्णेच्या घाटापर्यंत फिरून येतो. तू जेवतेस ना नीट? आई गेली तेव्हा तू आलीस ती सहा महिने राहिलीस आणि तुझं वर्ष बुडालं. आता मध्ये काही आणायचं नाही. प्रबंध आधी. बाकी जग नंतर.

आप्पा

*

कायझर्सलाउटर्न,
२४ जानेवारी २०१४

आप्पा, आप्पा, आप्पा!

आज नमस्कारसुद्धा विसरले, समजून घ्या.

सीडी आली. लॅबमध्ये लावली आणि मी तुम्हाला लगेच ओळखलं! दुसऱ्या पावलाला! आमच्या प्रोफेसर फ्राऊ हार्टविग शेजारी उभ्या होत्या, त्यांना म्हटलं, हे माझे वडील. त्या म्हणाल्या, या, या, शोन, म्हणजे हो, हो, छान. इथे आनंदसुद्धा हळू आवाजात करतात.

एक कबुली देते. क्लिप मी घरी आणली आहे. संध्याकाळी साडेपाचलाच अंधार होतो. शेजारच्या खोलीतला मुलगा आखन शहरात गेला, तेव्हापासून मजल्यावर माझ्याशिवाय कुणी मराठी बोलत नाही, आणि मी तरी कुणाशी बोलणार? मग लॅपटॉप टेबलावर ठेवते, तुम्हाला सुरू करते आणि वरणभात खाते. तुम्ही जाता, येता, जाता, येता. मी मधेच सांगते, आप्पा, आज मीठ जास्त झालं. वेड लागलंय म्हणाल. लागू दे. महिनाभरात पहिल्यांदाच पोटभर जेवतेय.

घाटावर फिरायला जाताना मफलर घालत जा.

ऊर्मी

*

कराड,
१० फेब्रुवारी २०१४

चि. ऊर्मी,

पत्र मिळालं. लगेच ओळखलंस म्हणतेस. छान झालं.

कशावरून ओळखलंस? तुझ्या शास्त्रासाठी नको, माझ्यासाठी लिही.

वरण फार पातळ करू नकोस.

आप्पा

*

कायझर्सलाउटर्न,
२ मार्च २०१४

प्रिय आप्पा,

यावेळी नमस्कार सावकाश केला आहे.

पाचच ओळी? आणि त्याही पेन्सिलीने? रागावलात का? काय चुकलं माझं?

कशावरून ओळखलं, ते सांगते. दुसऱ्या पावलाला उजवा हात डाव्या खांद्याकडे जातो. तुमच्या शबनम पिशवीचा पट्टा! पिशवी खांद्यावर नसतानाही तुम्ही पट्टा सरकवता. मी तर हसून हसून रडले.

पण आप्पा, तुमच्यामुळे लॅबमध्ये गोंधळ झालाय. इतर सगळ्या क्लिप्सचं कसं, पाच वर्षांची मुलं बाई की पुरुष हे अंदाजपंचे सांगतात, निम्मी बरोबर, निम्मी चूक. सात वर्षांची बरी. दहा वर्षांची जवळजवळ मोठ्यांइतकी. वय वाढतं तशी उत्तरं सुधारतात. फक्त तुमच्या क्लिपवर उलटं! लहानग्यांतले निम्मे तरी तुम्हाला पुरुष म्हणतात. दहा वर्षांची मुलं ठाम सांगतात, फ्राऊ, म्हणजे बाई. मोठी माणसंही सांगतात, फ्राऊ. जितकं शहाणं पोर, तितकं तुमच्या बाबतीत चुकतं. फ्राऊ हार्टविग म्हणतात, क्लिप सदोष आहे, काढून टाक. मी भांडले. म्हटलं, तो सदोष वगैरे काही नाही, तो माझा बाप आहे.

परवा ईश्वरी आली होती. एश्बॉर्नला सिद्धेश म्हणून इंजिनियर आहेत, त्यांची मुलगी, दहा वर्षांची. तिला मराठी सगळं कळतं, पण उत्तर जर्मनमध्ये देते. तुमची क्लिप बघून म्हणाली, "फ्राऊ. गान्स क्लार." अगदी उघड आहे म्हणे. मी मराठीत विचारलं, कशावरून गं? तर ती उठली, दोन पावलं चालली आणि तिने उजव्या हाताने डावा खांदा चाचपला. म्हणाली, "माइने आजी माख्ट दास आउख." माझी आजीपण असंच करते. आणि मग, शब्द सापडल्यावर, मराठीत एकच शब्द: "पदर."

तिच्या बाबांसमोर मी हसले. घरी आल्यावर हसू आलं नाही. त्या रात्री क्लिप लावली नाही. नुसतीच जेवले.

आप्पा, रागवा, काय वाटेल ते करा, पण मला एकदाच खरं सांगा. तो पट्टा आहे ना?

ऊर्मी

*

कराड,
१६ मार्च २०१४

ऊर्मी, बाळा,

तो पट्टा नाही. तो पदर आहे. त्या पोरीला माझ्यातर्फे एक स्टिकर जास्त दे.

चालल्या त्या यमुनाबाई. पद्माकरच्या मुलाची काळी पँट आणि काळा शर्ट घालून. जन्मात पहिल्यांदा पँट घातली त्यांनी. आधी दार लावून घेतलं, मग पद्माकरला देवाची शपथ घातली की हे कुणाला दाखवायचं नाही. जर्मनीतल्या पोरांना दाखवलं तर चालेल म्हणाल्या, ती काय आपल्या आळीत येणार आहेत! आणि चालताना हात सारखा खांद्याकडे. पदर नव्हता ना. त्याची सवय कशी सुटणार?

आता मी का चाललो नाही ते. एक डिसेंबरला मी गेलो होतो. कपडे चढवले, पद्माकरने तेरा ठिपके चिकटवले, कॅमेऱ्याशेजारचा एक बारका दिवा ठेवून बाकीचे दिवे मालवले आणि म्हणाला, चला मास्तर. चार पावलं नीट टाकली. पाचवं पाऊल स्टुडिओतल्या त्या पायरीवर. इतकी वर्षं तिच्यावर बसून चहा पितोय मी, आणि अंधारात तिला विसरलो. खुब्याचं हाड मोडलं. दुसऱ्या दिवशी ऑपरेशन झालं, कागदांवर पद्माकरने सह्या केल्या. अडीच महिने उताणा होतो. उताणं झोपून बॉलपेन चालत नाही, पेन्सिल चालते. घाटबीट सगळं खोटं. आता वॉकर घेऊन पलंगापासून दारापर्यंत येतो. अकरा पावलं. यमुनाबाई मोजतात.

का नाही कळवलं? कळवलं असतं तर तू मिळेल त्या विमानाने आली असतीस आणि परत वर्ष घालवलं असतंस. आणि मी पडलो तो तुझ्या सीडीसाठी, हे तुला कसं सांगायचं? तुझी दोन पत्रं आली, दोन्हीत तेच, चालून पाठवा, चालून पाठवा. म्हणून हा उद्योग केला. वाटलं, ठिपकेच तर आहेत, कुणाचेही असले तरी पोरीला काय कळणार!

आणि तुला कळलं नाही. "लगेच ओळखलं" असं तू लिहिलंस. ऊर्मी, मी फसवायला बसलो होतो आणि फसवणूक जमली म्हणून दिवसभर जेवलो नाही. यमुनाबाई म्हणाल्या, आता काय झालं, साधलं ना मनासारखं? त्यांना काय सांगू? मला वाटत होतं तू पकडशील. रोज वाटायचं, आज पत्र येईल, त्यात लिहिलेलं असेल, आप्पा, ही कोण बाई पाठवलीत? ते आलं नाही. आलं ते, मी जेवताना तुम्हाला समोर चालवते. समोर मी नव्हतोच, बाळा. तिकडे तू एकटी आणि इकडे मी, आणि मधे बिचाऱ्या यमुनाबाई येरझाऱ्या घालतायत.

तुझा राग मी सोसेन. पण एक गोष्ट राहवत नाही म्हणून करतो. त्या दिवशीचं चित्रण पद्माकरने पुसलं नव्हतं. त्याची सीडी सोबत आहे. पहिली चार पावलं माझी आहेत, खरी. ती बघ. चार झाली की बंद कर. पुढचं बघायचं नाही, ही आज्ञा समज.

आप्पा

*

कायझर्सलाउटर्न,
२९ मार्च २०१४

आप्पा,

तुमच्या पायांवर डोकं ठेवते. कुठला पाय दुखतो ते लिहिलं नाहीत, म्हणून दोन्हीवर, हलकेच.

राग आलाय. खूप आलाय. काल पत्र वाचून लॅबच्या संडासात जाऊन रडले, आणि मग तुमच्यावर, पद्माकरकाकांवर, त्या पायरीवर, सगळ्यांवर चिडले. सगळ्यात जास्त माझ्यावर. मी ज्या विषयाचा प्रबंध लिहितेय त्यातच नापास झाले. त्याचं कारणही आता कळलंय. सीडीवर पद्माकरकाकांनी लिहिलं होतं, "आप्पा". मी ते नाव आधी वाचलं आणि उरलेलं मनाने भरून घेतलं. मला तुम्ही हवे होतात, म्हणून मी तुम्हाला बघितलं. ईश्वरीला कुणी हवं नव्हतं. तिने समोर होतं ते बघितलं.

फ्राऊ हार्टविगना सगळं सांगितलं. त्यांनी कॉफी करून आणली. मग आम्ही उत्तरपत्रिकेत "पुरुष" खोडून "बाई" केलं, आणि वय वाढतं तशी उत्तरं इथेही सुधारलेली निघाली. मोठ्यांत चुकले ती मी एकटीच. यमुनामावशींना सांगा, जर्मनीतल्या सत्तेचाळीस मुलांनी त्यांना बघितलं आणि आळीत कुणाला कळणार नाही. हेही सांगा की महिनाभर त्यांनी मला जेवायला सोबत केली.

तुमची सीडी काल संध्याकाळी लावली. चार पावलं बघितली. डावा पाय टाकल्यावर तुम्ही जरा थांबता आणि डोकं उजवीकडे झुकतं. आधी कळेना, हे काय? मग आठवलं, बाकांमधून फिरताना तुम्ही असंच करायचात, वाकून मुलांच्या वह्यांत बघायला. निवृत्त होऊन अकरा वर्षं झाली आणि अजून वह्या बघताय.

पण खोटं बोलणार नाही. त्यावरून मी तुम्हाला ओळखलं असं म्हणवत नाही. मला माहीत होतं की ते तुम्ही आहात. परत नाव वाचूनच बघत होते.

तुमची आज्ञा मोडली. पुढचं बघितलं.

पाचव्या पावलाला तेराही ठिपके खाली आले. एकदम नाही, आधी गुडघे, मग सगळे. मग ते जमिनीवर पसरून राहिले. थांबलेले ठिपके, मी तुम्हाला लिहिलं होतं ना, थांबले की काही कळत नाही? माझ्या कुठल्याच पाच वर्षांच्या मुलाला सांगता आलं नसतं की ते काय आहे. मलाही नसतं आलं. आणि मग त्यातला एक ठिपका वर उठला. उजवं मनगट. वर आला आणि डावीकडे, उजवीकडे, डावीकडे हलला. पद्माकरकाका धावत आले असणार आणि तुम्ही त्यांना सांगत होतात, काही नाही, काही नाही, काही झालं नाही.

आप्पा, तिथे ओळखलं. त्या एका ठिपक्यावरून. नाव पुसलं असतं, आणखी हजार ठिपक्यांत लपवलं असतं, तरी ओळखलं असतं. आईला दवाखान्यात नेलं तेव्हा दारातून तोच हात. मला विमानतळावर सोडायला आलात तेव्हा काचेपलीकडून तोच. जानेवारीपासून पेन्सिलीने आलेली सगळी पत्रं म्हणजे दुसरं काय होतं?

अकरा एप्रिलचं तिकीट काढलंय. ओरडू नका, ईस्टरच्या सुट्ट्या आहेत, प्रबंधाला काहीही होत नाही, तीन आठवड्यांनी परत येणार आहे. बारा तारखेला दुपारपर्यंत घरी पोचते. यमुनामावशींना सांगा, दार नुसतं लोटून ठेवा. मी उंबऱ्यात उभी राहीन, आत येणार नाही. तुम्ही पलंगावरून उठा आणि अकरा पावलं चालत माझ्यापर्यंत या. कितीही वेळ लागू दे. वॉकर घेऊन तुम्ही कसे चालता ते मला ठाऊक नाही. ते मी अजून एकदाही बघितलेलं नाही, आणि मला ते नीट बघून घ्यायचं आहे.

वॉकर दोन्ही हातांनी धरावा लागतो, ते एक बरं आहे. तुम्हाला हात हलवता येणार नाही.

तुमची,
ऊर्मी